मोडलेल्या कानाचं माप

"ताई, राग मानू नका, पण खोट इअरफोनमध्ये नाही. तुमच्या कानात आहे."

तपकीर गल्लीतला दुकानदार असं म्हणाला, तेव्हा काउंटरवर माझ्यापुढे सहा इअरफोन पडले होते. दीडशेचा, दोनशेचा, अडीचशेचा. रबरी टोपीचे, चपटे, कानामागून आकडा अडकवायचे. सगळे घालून झाले, मान हलवून झाली, आणि सगळे टपाटप खाली आले.

"खोट?" मी म्हटलं. "अहो, कमावलेले कान आहेत हे. कुणी आंदण दिलेले नाहीत."

"म्हणजे?"

"कुस्ती. आठ वर्षं तालमीत होते. आमच्या कोल्हापूरकडे लोक हात लावून बघतात असल्या कानांना."

त्याने चष्मा वर करून नीट बघितलं. "लावत असतील. पण इअरफोन नाही ना लावता येत." असं म्हणून त्याने सहाच्या सहा परत पुड्यांत भरले. पुण्यातली माणसं भांडत नाहीत, नुसतं खरं बोलतात, आणि त्याचाच जास्त राग येतो.

ज्यांनी पैलवानाचा कान बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. डावावर डाव करताना कान चेंगरतो, घासतो, आत पाणी होतं, सुजतो. मग ती सूज तशीच घट्ट होते. आतल्या सगळ्या घड्या बुजतात आणि कान कांदाभज्यासारखा दिसायला लागतो. माझे दोन्ही तसेच. तालमीत याला दागिना म्हणतात. पण इअरफोन ज्या खोबणीत टेकतो ती खोबणीच माझ्या कानाला उरली नव्हती, हे मला वयाच्या तेविसाव्या वर्षी पुण्यात येऊन कळलं.

खांदा निखळल्यावर माझी कुस्ती सुटली होती. कात्रजला आत्या राहायची. तिच्या ओळखीने मला एका सिक्युरिटी कंपनीत बायकांच्या टीममध्ये चाचणीवर घेतलं. तीन ड्युट्या करायच्या, जमलं तर कायम. टीम गायधनी मॅडमच्या हाताखाली होती. पोलिसात बावीस वर्षं काढलेली बाई, आवाज असा की उभा माणूस दोन इंच आणखी उभा राही. पहिल्याच दिवशी माझ्या कमरेला वॉकीटॉकी लावून म्हणाल्या, "जयमाला, अंगात ताकद आहे ते दिसतंय. पण मला ताकद नको, कान हवेत. मी गेटावर सांगितलेलं तुला तिथल्या तिथे ऐकू आलं पाहिजे. सेट आमचा, कानाची जबाबदारी तुझी."

सेटला एक पारदर्शक नळी होती आणि नळीच्या टोकाला रबरी टोपी. बाकीच्या पोरींच्या कानात ती गपगार बसली. माझ्या कानातून दर मिनिटाला घरंगळत होती. साड्यांच्या प्रदर्शनात पहिली ड्युटी. मॅडमनी सगळ्यांना मागच्या दाराला बोलावलं. सगळ्या गेल्या आणि मी पुढच्या दारात एकटीच देवळातल्या द्वारपालासारखी उभी. नळी खांद्यावर लोंबत होती.

"मोठा हेडफोन लावू का, मॅडम? डोक्यावरून घालायचा?"

"लाव की. लोकांना वाटेल तू विमानं उतरवायला आलीस."

म्हणून ती तपकीर गल्ली. तिथून हात हलवत घरी आले तर आत्या पोळ्यांची कणीक मळत होती. बघता बघता माझ्या डोक्यात वीज चमकली. म्हटलं, खोबणी नाही ना, मग आपण खोबणी करू! चांगला लिंबाएवढा गोळा घेतला, मीठ घालून घट्ट मळला, रबरी टोपीभोवती लावला आणि दिला कानात दाबून. उड्या मारल्या, बैठका मारल्या. हलेल तर शपथ!

"अगं बया, काय करतीस?" आत्या लाटणं घेऊन उभीच राहिली.

"नोकरी करतेय," मी म्हटलं.

दुसरी ड्युटी गाण्याच्या कार्यक्रमाची. पहिला तासभर मॅडमचा शब्दन्‌शब्द माझ्या कानात खणखणीत. मी स्वतःवर जाम खूश होते. मग कणीक वाळायला लागली. वाळली, आकसली, आणि मी मान वळवली तेव्हा नळी, टोपी आणि अर्धा गोळा पायाशी पडला. उरलेला अर्धा आतच. "दोन नंबर गेट बंद करा" हे काही मला ऐकू आलं नाही, आणि तिकीट नसलेली चाळीसएक माणसं माझ्या समोरून, मला नमस्कार करत आत गेली.

मॅडम ओरडल्या नाहीत. ते जास्त वाईट. म्हणाल्या, "रविवारी तिसरी ड्युटी आहे. हळदीकुंकवाचा मेळावा, पाच हजार बायका. तिथे चूक झाली तर माणसं चेंगरतात. त्या दिवशी कानात टिकलं तर तू कामावर. नाही टिकलं तर गावाकडे जा, मी वाईट वाटून घेणार नाही, तूही घेऊ नकोस."

गावाकडे जा. तेच तर मला नको होतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी दार वाजलं तर आबा. माझे वडील. हातात पिशवी, पायात धुळीने भरलेल्या वहाणा, रात्रभर एस.टी.त बसून आलेले. आत्याने फोन केला होता म्हणे, पोरगी कानात कणीक घालतीय, दादा, तू ये.

"काय गं माले," आबा म्हणाले, "कानात काय कालवलंयस?"

"काही नाही."

"निघालं का समदं?"

"थोडं राहिलंय."

एवढंच बोललो. गेलं वर्षभर आमचं एवढंच चाललं होतं. त्याला कारण होतं. एक स्थळ आलं होतं मला. बाहेरच्या खोलीत माझा एक मोठा फोटो लावलेला होता. जिल्ह्याला पहिली आले तेव्हाचा, केस मागे बांधलेले, दोन्ही कान उघडे. मुलाच्या आईने आधी फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "ह्या कानांत डूल कुठं घालायचं?" ते लोक गेले. दुसऱ्या दिवशी उठून बघते तर भिंतीवर नुसता खिळा! मी काही विचारलं नाही, आबांनी काही सांगितलं नाही. मी काय ते समजले. ज्या माणसाने मला भांडून तालमीत घातलं, अख्ख्या गावाशी वैर घेतलं, त्याला आता माझी लाज वाटत होती. पुढच्या पाहुण्यांना फोटो दिसायला नको म्हणून काढून ठेवला. त्यानंतर मी त्या घरात पाहुण्यासारखी राहिले आणि संधी मिळताच पुण्याला पळाले. परत जायचं ते कुणासाठी?

आबा मला महापालिकेच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर तरुण मुलगी होती. बत्ती लावून, चिमट्याने बारीक बारीक तुकडे काढले आणि विचारलं, "पोळ्या कानात लाटता का तुम्ही?" मी सगळी हकीकत सांगितली. ती पोट धरून हसली, आणि हसता हसता थांबली. "अहो, पण हे तर लोक करतात! बहिऱ्या मुलांच्या यंत्रासाठी कानाचं माप घेऊन साचा बनवतात. रविवार पेठेत जा. नसीम शेख म्हणून बाई आहेत, त्यांना सांगा मी पाठवलंय."

कानाच्या यंत्रांचं दुकान वरच्या मजल्यावर होतं, चढायला लाकडी जिना. आतल्या खोलीत नसीमताई टेबलावर वाकून बसल्या होत्या. चाळिशीची बाई, डोक्यावर ओढणी, बोटांना गुलाबी रंग. समोरच्या ट्रेमध्ये माणसांच्या कानांच्या आतल्या आकाराचे छोटे छोटे साचे, प्रत्येकाला चिठ्ठी. एक बोराएवढा होता. "सहा महिन्यांच्या बाळाचा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझे कान बघितले. हात लावून, चारी बाजूंनी, दुकानदारासारखं नाही तर वस्ताद बघतो तसं.

"पैलवान?"

"हो."

"पंधरा वर्षांत असा कान नाही आला माझ्याकडे. सोपा आहे पण."

"सोपा?"

"मग! खोबणी नाही तर नाही, तुमच्या कानाचा जो आकार आहे तोच साच्याला द्यायचा. भोक तर आहे ना? तुमची युक्ती बरोबर होती, ताई. माल तेवढा चुकला."

मला त्या बाईला मिठी मारावीशी वाटली. पण आधी किंमत विचारली. इंटरनेटवर असला मापाचा इअरफोन सात हजाराला बघितला होता मी.

"साडेतीनशे. सेटला नळी एकच असते, म्हणजे कान एकच. मऊ करून देते, दिवसभर घातला तरी टोचणार नाही."

उजव्या कानात त्यांनी आधी दोरा बांधलेला कापूस सरकवला, मग पिचकारीने गुलाबी लगदा भरला. गार, जड, थेट मेंदूपर्यंत जातोय असं वाटलं. "आता पाच मिनिटं बोलायचं नाही, हसायचं नाही, जबडा हलवायचा नाही. हललात की माप बिघडलं."

मी पुतळा झाले. आबा उजव्या बाजूच्या स्टुलावर बसले होते. नसीमताई हात पुसत त्यांना म्हणाल्या, "काका, कान पहिल्यांदा सुजला तेव्हा डॉक्टरला नाही दाखवला? सुईने पाणी काढून पट्टी बांधली असती तर असा झाला नसता."

आबांनी माझ्याकडे बघितलं. "तिला ऐकू येतंय का आता?"

नसीमताईंनी पण माझ्याकडे बघितलं. "या कानाने नाही," त्या म्हणाल्या.

खरंच बोलल्या. डावा कान तर मोकळाच होता. आबांच्या ते ध्यानात आलं नाही.

"डाक्टर म्हनलं होतं तसं," आबा हळू आवाजात म्हणाले. "मीच न्हेलं न्हाई. म्हटलं, ऱ्हाऊ दे, पैलवानाचा दागिना हाय. माझं कान बघा, ताई. कसं हैत?"

"चांगले आहेत की."

"चांगलंच हैत. दोन वर्षांत थोरल्या भावानं तालमीतनं काढून शेतात घातलं मला. कान मोडायचं ऱ्हाऊन गेलं. पोरीचं मोडलं तवा मी गावभर पेढं वाटलं. पेढं! तिला दुखत हुतं, रात्रभर उशीला कान टेकता येत नव्हता, आन्‌ मी पेढं वाटत हुतो."

नसीमताईंनी हात पुसायचा फडका बाजूला ठेवला.

"फोटू लावला हुता तिचा भिंतीला. येईल त्याला दावायचो. मग एक पाव्हणी आली, कानाला नावं ठेवून गेली. माझ्या पोरीनं खाली मान घातली, ताई. कुस्तीत कुणापुढं खाली मान घातली न्हाई तिनं. त्या राती मी फोटू काढला आन्‌ ट्रंकेत ठेवला. मला बघवंना झाला. बघितला की वाटायचं, हे माझ्यापायी झालं. आता ह्याच कानापायी नोकरी जायची येळ आलीया. तिनं एकदा तोंडावर म्हनावं तरी, आबा, तुमी माझं वाटोळं केलं. म्हनत न्हाई. वरीस झालं, सरळ बघत बी न्हाई माझ्याकडं."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ते चालणार होतं, डोळ्यांबद्दल कुणी काही म्हटलं नव्हतं. जबडा मात्र मी दाबून धरला. एक मिनिट धरला. दीड मिनिट धरला. मग आबांनी धोतराच्या सोग्याने नाक पुसलं आणि माझा बांध फुटला.

"आबा, गप बसा की! मला हे कान नको होते असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

आबा स्टुलावरून उठलेच. "हिला ऐकू येतंय!"

"मला वाटलं, तुम्हाला माझी लाज वाटते! म्हणून फोटो काढला!"

"तुझी?" आबांचा आवाज चिरकला. "तुझी लाज? खुळी का काय तू? अगं, लाज माझी मला!"

"मग सांगायचं नाही का?"

"तू इचारलंस का?"

"झालं!" नसीमताई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "गेलं माप!" त्यांनी माझ्या कानातून तो गुलाबी गोळा ओढून काढला. वेडावाकडा झाला होता. तो बघून आधी मी हसले, मग आबा, डोळे तसेच ओले ठेवून. वर्षभर छातीवर बसलेला धोंडा उतरला होता माझ्या. इतकं हलकं वाटत होतं की तालमीत जाऊन चार डाव करावेत.

दुसऱ्यांदा लगदा भरताना नसीमताईंनी आबांना जिन्यात बसवलं. "काका, माप घट्ट होईपर्यंत तुम्ही आत यायचं नाही. बापलेकींचं जे काय असेल ते खाली रस्त्यावर करा." शनिवारी संध्याकाळी साचा तयार झाला. मऊ, माझ्याच कातडीच्या रंगाचा, आत नळीसाठी भोक. घातला तर असा बसला की घातलाय हे विसरायला झालं. याला आता बारा वर्षं झाली. मधे तीनदा नवा करून घेतला, नसीमताईंकडूनच. आता मी पोरींना कामावर घेते, आणि कुणाच्या कानात काही टिकलं नाही तर आधी त्यांना रविवार पेठेत पाठवते.

रविवारचा मेळावा दुपारी तीनला सुरू झाला. हडपसरकडचं मैदान, सहा लाउडस्पीकर, पैठणीची सोडत. मला तीन नंबर गेट दिलं होतं. आबा गावी गेले नव्हते. "निकाल कळल्याबिगर मी काय हलत न्हाई," म्हणून रस्त्याच्या पलीकडे रसवंतीच्या सावलीला पिशवी घेऊन उभे होते. साडेसहाची एस.टी. धरायची होती त्यांना.

पाचच्या सुमाराला सोडत निघाली. स्टेजवरून नंबर पुकारले आणि मागच्या बायकांना ऐकू न आल्यामुळे सगळ्या एकदम पुढे सरकल्या. मला माझ्या जागेवरून काही दिसत नव्हतं, नुसता गलका. लाउडस्पीकरवर कुणीतरी "शांतता राखा" म्हणत होतं, तेसुद्धा नीट कळत नव्हतं. आणि त्या सगळ्या गदारोळात, अगदी शेजारी बसून बोलावं तसा मॅडमचा आवाज माझ्या कानात आला.

"तीन नंबर, जयमाला, गेट उघड. पूर्ण उघड. डाव्या बाजूने लोंढा येतोय, सरळ बाहेर काढ."

मी अडसर काढून फेकला, दोन्ही दारं भिंतीला टेकवली आणि मधोमध न थांबता बाजूला उभी राहून हातांनी वाट दाखवायला लागले. अर्ध्या मिनिटात बायका आल्या. घाबरलेल्या, घामाघूम, कडेवर पोरं. "हळू चला, ताई, रस्ता मोकळा आहे, हळू." एका म्हातारीचा पदर खिळ्यात अडकला तो सोडवला. दहा मिनिटांत सगळ्या मोकळ्यावर आल्या. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

मी कानाला हात लावून बघितलं. साचा होता तिथेच होता.

मग कानात परत खरखर झाली. "जयमाला."

"बोला, मॅडम."

"उद्या दहाला ऑफिसला ये. दोन फोटो आण. कायमच्या यादीत नाव घालते."

मी नुसतं "हो मॅडम" म्हटलं. जास्त बोलले असते तर हुंदका सगळ्यांच्या सेटवर ऐकू गेला असता.

रस्त्यापलीकडे आबा टाचा उंचावून माझ्याकडे बघत होते. मधे गर्दी, रिक्षा, हॉर्न, लाउडस्पीकर. ओरडून काही उपयोग नव्हता आणि गेट सोडता येत नव्हतं. काय झालं, असं ते हात हलवून विचारत होते. कसं सांगावं मला सुचेना. मग हात आपोआप गेला. युनिफॉर्म घातलेली, कंपनीची टोपी डोक्यावर, भर रस्त्यावर मी पाय फाकवून उभी राहिले आणि मांडीवर खाडकन शड्डू ठोकला.

बाजूच्या बायका दचकून मागे झाल्या. पलीकडे आबांनी पिशवी खाली ठेवली, धोतर वर खोचलं, आणि रसवंतीच्या दारात, साठीच्या त्या माणसाने, ज्याला दोन वर्षांत तालमीतून ओढून शेतात घातलं होतं, त्याने असा शड्डू ठोकला की चरकावरचा माणूस हातातला ऊस टाकून बाहेर आला.

"तीन नंबर," कानात मॅडमचा आवाज आला, "काय चाललंय तिथे? भांडण आहे का?"

"नाही, मॅडम," मी म्हटलं. "आमच्या घरचे आहेत."